वॉटरमन अक्काचा पेटा

आमच्या पंचायतीने महिला दिनाला 'उत्कृष्ट वॉटरमन' म्हणून ज्या माणसाचा सत्कार ठरवला, तो माणूस कित्येक वर्षं पाण्याच्या व्हॉल्व्हपाशी फिरकलेलाही नव्हता. त्याची बायको फिरकत होती. रोज. पावसात, तापात, दिवाळीच्या पाडव्याला, सख्ख्या भाच्याच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा.

हे वाक्य मी तेव्हा एका पत्रकात लिहिलं होतं आणि आमच्या संघटनेतल्या मोठ्या बायकांनी ते 'फार तिखट' म्हणून खोडलं. इथे खोडायला कोणी नाही, म्हणून पहिलंच टाकलं.

सर्जापूर रोडवरून आत वळलं की काचेच्या सोसायट्या संपतात आणि आमची गल्ली लागते. तालुका आनेकल, सांगायला बेंगळुरू, पाणी पंचायतीचं. मी रोडवरच्या एका ऑफिसात पोटासाठी काम करते आणि शनिवार-रविवार बायकांच्या संघटनेची पत्रकं लिहिते. राहते वरच्या खोलीत, भाड्याने. खाली घरमालक: अक्का आणि अण्णा. ते चिकोडीकडचे, मी निपाणीची, त्यामुळे उंबऱ्याच्या आत आमची मराठी आणि उंबऱ्याबाहेर सगळं कन्नड. बाहेरचं बोलणंही मी इथे मराठीतच सांगते.

पुण्यात ज्याला चावीवाला म्हणतात, त्याला आमच्याकडे वॉटरमन म्हणतात. टाकी भरली की कमरेएवढी लोखंडी चावी घेऊन निघायचं, रस्त्यातल्या खड्ड्यावरचं झाकण उचलायचं, चावी आत घालून व्हॉल्व्ह फिरवायचा. एका भागातल्या गल्ल्यांचं झालं की बंद करून पुढच्या भागाला सोडायचं. अण्णा पंचायतीचा वॉटरमन. एकदा असंच झाकण उचलताना त्याच्या पाठीत काहीतरी तुटलं आणि तो आडवा झाला. अक्काने चावी उचलली, 'आठवडाभर मी बघते' म्हणून. तो आठवडा काही संपला नाही. अण्णा उठून बसू लागला, चालू लागला, पण वाकणं कायमचं गेलं. मग तो घरात स्वयंपाक बघू लागला आणि अक्का गावाचं पाणी. नेमणूक अण्णाच्या नावावर, हजेरी अण्णाच्या नावावर, आणि सगळ्या गल्ल्या तिला म्हणतात 'वॉटरमन अक्का'. पंचायतीतल्या शिपायापासून सगळ्यांना हे ठाऊक. कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. बाई काम करते आणि नाव नवऱ्याचं लागतं, यात बातमी ती काय?

सत्काराचा निरोप घेऊन पंचायतीचा कारकून आला तेव्हा अण्णा पायरीवर लसूण सोलत बसला होता आणि मी गाडी पुसत होते.

"अण्णा, रविवारी साडेदहाला शाळेसमोरच्या मांडवात यायचं. पांढरा शर्ट घाला. पेटा आहे तुम्हाला."

पेटा म्हणजे म्हैसुरी पेटा, जरीची किनार असलेली रेशमी पगडी. इकडे कुणाचाही सत्कार करायचा तर शाल, फळांची टोपली आणि डोक्यावर पेटा. म्हणजे आमच्या पंचायतीत पुरुषाच्या डोक्यावर. बायकांना हळदकुंकू, बांगड्या आणि खण.

"महिला दिनाला अण्णांचा सत्कार?" मी विचारलं.

"मांडव एकदाच घालायचा ना. माइकवाला एकदाच येतो. स्टाफचंही त्यातच उरकून टाकू म्हणाले." मग तो अण्णाकडे वळला. "पुढच्या महिन्यात तुमचं वय भरतं. मानाने निरोप द्यायचाय. अक्कांनाही आणा, शेजारी उभ्या राहतील."

"आणि चावी?" अण्णाने विचारलं.

"नवीन माणूस ठरलाय. अध्यक्षांचा भाऊ."

कारकून गेला. अण्णाच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. मला आधी नुसता राग आला आणि मग एकदम हुरूप आला. रागाचा हुरूप काय असतो ते पत्रकं लिहिणाऱ्यांनाच कळेल. म्हणजे बघा: सत्कार म्हणून ज्याला म्हणतात ती खरी हकालपट्टी होती. अण्णाला पेटा घालायचा आणि अक्काच्या हातातली चावी काढून घ्यायची, टाळ्यांच्या आवाजात. तीसुद्धा महिला दिनाला.

मी वर जाऊन एका दमात पत्रक लिहिलं. मथळा: 'शाल नको, नेमणूक हवी.' खाली बहिष्काराचं आवाहन. अक्का आल्यावर तिला वाचून दाखवलं. ती चावी कोपऱ्यात टेकवून, पाय धुऊन, चहा पीत ऐकत होती.

"चांगलं लिवलंयस," ती म्हणाली. "पर शाल नगं म्हणून कोण म्हणालं?"

"अक्का, हे लोक शाली देऊन गप्प बसवतात."

"मी कवा गप्प बसलीया? नेमणूक पायजेच. आन् शालबी पायजे. आन् त्यो पेटाबी पायजे."

अण्णा आतून म्हणाला, "बाईला पेटा घालतात व्हय?"

"तुमच्या डोक्यावर घालाय लागलेत. तुम्ही काय केलंसा, लसूण सोलला?"

"सोलला की. रोज सोलतोय."

"मग लसणाचा पेटा घाला. पाण्याचा माझा."

बहिष्कार तिथेच बारगळला. मला जरा खटकलं, पण खरं तर तिची मागणी माझ्यापेक्षा मोठी होती. मी फक्त नेमणूक मागत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही अर्ज घेऊन पंचायतीत गेलो. आमच्या पंचायतीचं अध्यक्षपद बायकांसाठी राखीव आहे, त्यामुळे अध्यक्ष बाई आहेत. दारावर पाटी त्यांची. खुर्चीत त्यांचे यजमान. गावात त्यांनाच 'अध्यक्ष' म्हणतात आणि बाईंना 'अध्यक्षांच्या मिसेस'. एका घरात बायकोचं काम आणि नवऱ्याचं नाव, दुसऱ्या घरात बायकोचं नाव आणि नवऱ्याची खुर्ची. मला तर तिथेच भिंतीवर लिहावंसं वाटलं.

"मॅडम कुठे आहेत?" मी विचारलं.

"मॅडमशी काय काम? मला सांग."

"अर्जावर त्यांची सही लागेल."

"सही घेतो मी घरी."

"मग पंचायतच घरी भरवा की."

ते हसले. चिडले असते तर बरं झालं असतं. "स्वल्प अॅडजस्ट करायचं अम्मा," ते म्हणाले. "वॉटरमनचं काम बाईचं नाही. व्हॉल्व्ह जड असतो."

अक्का शांतपणे म्हणाली, "तुमच्या गल्लीला पाणी कोण सोडतंय मग?"

"आमच्या घरी बोअर आहे."

"म्हणूनच."

निघताना अक्का परत वळली. "एक सांगते. रविवारी साडेदहाचा कार्यक्रम ठेवू नका. सव्वाअकराला आमच्या सगळ्या गल्ल्यांच्या पाण्याची वेळ असते."

"एक दिवस उशिरा सोडा."

"दुपारी करंट जातो. त्याआधी आमचं सोडून खालच्या वाडीसाठी टाकी परत भरावी लागते. आमचं उशिरा सोडलं तर खालच्या वाडीला थेंब मिळायचा नाही."

"बघू, बघू. सरी, ठीक आहे." आणि त्यांनी फोन उचलला.

त्या वेळेचा विचार कुणी केला नाही, कारण तो कार्यक्रम ठरवणाऱ्यांत घरचं पाणी भरणारं माणूसच नव्हतं. सगळी कमिटी बोअरवाली आणि टँकरवाली. बायकांसाठी कार्यक्रम, बायकांच्या नावाने खर्च, आणि बायकांचा दिवस कसा जातो हे विचारायला एकही बाई नाही. माझ्या पत्रकांमध्ये यापेक्षा चांगला पुरावा मी कधी छापलेला नाही.

रविवारी मांडव छान घातला होता, ते कबूल करते. जांभळं कापड, प्लास्टिकच्या खुर्च्या, सरबत. बायका नटून आल्या होत्या. गारमेंटमध्ये जाणाऱ्या, सोसायट्यांत कामाला जाणाऱ्या, घरी बसून उदबत्त्या वळणाऱ्या. अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून स्टेजवर, कडेच्या खुर्चीत. मधल्या खुर्चीत यजमान. त्यांच्या शेजारी अध्यक्षाबाई, मोतिया रंगाची साडी, हात मांडीवर. मी त्यांना तोवर एकदाही बोलताना ऐकलं नव्हतं. टेबलावर ताटांची ओळ: चार ताटांत पेटे, बाकीच्या ताटांत हळदकुंकू.

अक्का हिरव्या साडीत, गजरा माळून, माझ्या शेजारी बसली होती. चावी तिने मांडवाच्या खांबाला टेकवून ठेवली होती. पाहुणे उशिरा येणार, हे आपल्याकडे गृहीतच. तोवर यजमान माइक घेऊन सुरू झाले. स्त्री ही शक्ती आहे. स्त्री ही माता आहे. स्त्री ही भूमी आहे. पंचायतीची साधी कर्मचारी सोडून स्त्री ही सगळं काही होती.

सव्वाअकरा झाले. अक्का उठली, पदर खोचला, चावी खांद्यावर घेतली आणि स्टेजसमोरून निघाली.

"अक्का, बसा, बसा," माइकवरून आवाज आला. "आता पाहुणे येतील. तुमच्या यजमानांचा सत्कार आहे."

"पाणी सोडायचंय," अक्का म्हणाली, आणि गेली.

मी जाऊ की थांबू? ती गेली, आणि नाव पुकारलं तर पेटा अण्णाच्या डोक्यावर बसणार, फोटो निघणार आणि विषय कायमचा मिटणार. मी अण्णाकडे पाहिलं. तो टेबलावरच्या पेट्यांकडे पाहत होता.

मग माझ्या पुढच्या रांगेत एक फोन वाजला. मग मागे एक. गल्लीच्या ग्रुपवर कुणीतरी दोन शब्द टाकले होते: 'नीर बंतु.' पाणी आलं.

आमच्या भागात या दोन शब्दांपुढे देवळाची आरतीसुद्धा थांबते. पहिली रांग उठली. दुसरी उठली. कुणी धावलं नाही, फक्त खुर्च्या सरकल्याचा आवाज. सरबताचे ग्लास खुर्च्यांवर ठेवून बायका मांडवाबाहेर निघाल्या.

"ताई, अम्मा, कार्यक्रम संपलेला नाही," यजमान माइकवर म्हणाले. "माझे दोन शब्द राहिलेत."

एक म्हातारी काठी टेकत वळली. "तुझे शब्द माइकात राहतील रे बाबा. पाणी पाइपात राहत नाही."

बघता बघता मांडव रिकामा. मी, सरबतवाला, माइकवाला आणि स्टेजवरची माणसं. आणि नेमकी त्याच क्षणी पाहुण्यांची गाडी आली. तालुक्याचे मोठे साहेब उतरले. फोटोग्राफर पुढे धावला आणि त्याला कॅमेरा कुठे रोखावा तेच कळेना.

साहेबांनी रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. "महिला?"

"पाण्याला गेल्या सार," कारकून म्हणाला.

मला इतकं हसू आलं की मी सरबताचा ग्लास तोंडाला लावून उभी राहिले. पण यजमान खमके. त्यांनी घाईने कारकुनाला खूण केली, आपण सुरू करू. कारकुनाने माइकवर वाचलं, "उत्कृष्ट वॉटरमन," आणि अण्णाचं नाव घेतलं. अण्णा उठला. हळूहळू, पाठ सांभाळत माइकपर्यंत आला.

"वॉटरमन इथं नाही," अण्णा माइकवर म्हणाला. "व्हॉल्व्हपाशी आहे." आणि परत जाऊन बसला.

यजमान हसत हसत त्याच्या कानाशी गेले. ते काय बोलले ते ऐकू आलं नाही, अण्णाने मान हलवून नाही म्हटलं तेवढं दिसलं. "ठीक आहे, ठीक आहे, त्यांच्या घरी पोचवू," यजमान साहेबांना म्हणाले. "पुढचा सत्कार घेऊ."

तेव्हा अध्यक्षाबाई उठल्या. त्यांनी टेबलावरच्या ताटांकडे पाहिलं. हळदकुंकवाचं ताट त्यांच्या हाताशी होतं, ते त्यांनी बाजूला सरकवलं आणि पेट्याचं उचललं. स्टेजच्या पायऱ्या उतरल्या. खाली येऊन साहेबांना म्हणाल्या, "बन्नी सार." या, साहेब. तेवढंच.

"कुठे चाललीस?" यजमानांनी विचारलं. माइक चालू होता, सगळ्या गावाने ऐकलं.

"सत्काराला," त्या म्हणाल्या. "महिला तिकडे आहेत."

अध्यक्ष निघाल्या म्हटल्यावर साहेबांना निघणं भाग होतं. साहेब निघाले म्हटल्यावर फोटोग्राफर निघाला. त्याच्यामागे शाल घेऊन कारकून, फळांची टोपली घेऊन माइकवाला, पाठ धरून अण्णा आणि सगळ्यात शेवटी यजमान. मी आयुष्यात बरेच मोर्चे काढलेत. पंचायतीनेच काढलेला मोर्चा पहिल्यांदा बघत होते. मी पुढे पळाले, घोषणा द्यायला तोंड उघडलं आणि एकही घोषणा आठवली नाही.

गल्ली ओली झाली होती. प्लास्टिकच्या बिंदग्या, म्हणजे घागरी, रांगेने, निळ्या, लाल, हिरव्या. नव्या साड्या गुडघ्यापर्यंत खोचलेल्या. मध्ये रस्त्यात झाकण उघडलेलं आणि अक्का चावीवर दोन्ही हातांचा भार टाकून वाकलेली.

"अक्का," अध्यक्षाबाई म्हणाल्या.

अक्काने मान वर केली. ताट बघितलं, पेटा बघितला, साहेबांना बघितलं. "थांबा स्वल्प," ती म्हणाली. "शेवटच्या घराला अजून चढलं नाही."

आणि सगळे थांबले. साहेब चकचकीत बुटांनी चिखलात उभे. यजमान घड्याळ बघत उभे. अध्यक्षाबाई हातात ताट धरून उभ्या. बायका पाणी भरत राहिल्या, मध्येच एकीने साहेबांना म्हटलं, "सार, जरा सरका, पाइप तुमच्या पायाखाली आलाय." साहेब सरकले. शेवटच्या घरातून हाक आली, झालं म्हणून. अक्काने व्हॉल्व्ह बंद केला, चावी उपसून काढली आणि समोर जे होते त्यांच्या हातात दिली. समोर साहेब होते. चावीच्या वजनाने ते एकदम पुढे झुकले आणि एक पोरगी फिस्सकन हसली.

पेटा काही बसेना. अक्काचा अंबाडा मोठा, पेटे सगळे पुरुषी डोक्यांच्या मापाचे. अध्यक्षाबाई वरून दाबायच्या आणि तो वर उचलून यायचा.

"राहू दे, हातात द्या," यजमान म्हणाले. "फोटो होईल."

"थांबा की," अक्का म्हणाली. तिने अंबाड्याचे आकडे उपसले, ते दातांत धरले, गजरा माझ्या हातात दिला आणि केस पाठीवर मोकळे सोडले. मग मान पुढे केली. अध्यक्षाबाईंनी तिच्या डोक्यावर पेटा ठेवला. बसला. कानापर्यंत उतरला, पण बसला.

टाळ्या वाजल्या नाहीत. हातांत पाणी होतं सगळ्यांच्या. कुणीतरी रिकामी बिंदगी बडवली, मग दुसरीने, मग सगळ्या गल्लीने. प्लास्टिकचा तो ढबढब आवाज अजून माझ्या छातीत आहे. मी गजरा हातात गच्च धरून नाचत होते म्हणे. मला आठवत नाही, फोटोत दिसतं.

आवाज थांबल्यावर अक्काने दातांतले आकडे काढले. "पेटा मिळाला," ती म्हणाली. "आता नेमणूक. माझ्या नावानं."

"ते ऑफिसात बोलू," यजमान म्हणाले. "आज सणाचा दिवस."

अध्यक्षाबाई त्यांच्याकडे न बघता साहेबांना म्हणाल्या, "अर्ज आलाय सार. मंगळवारच्या मीटिंगला मी ठराव मांडते."

"कितीला मीटिंग?" मागून कुणीतरी विचारलं.

"तुमच्या पाण्याची वेळ संपल्यावर," बाई म्हणाल्या.

"मग आम्ही येतो."

आणि खरंच सगळ्या गेल्या. मंगळवारी पंचायतीच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्चीत अध्यक्षाबाई होत्या, थोड्या पुढे सरकून बसलेल्या, परक्या घरी बसल्यासारख्या. यजमान दाराशी उभे. मध्येच ते काही सांगायला पुढे झाले तर एक सदस्य बाई म्हणाली, "सदस्यांनीच बोलायचं असतं ना?" ठराव झाला, कागद आनेकलला गेला, साहेबांनाही चिखल आठवला असावा. नेमणूक आली, अक्काच्या स्वतःच्या नावाने. पदाच्या जागी अजून 'वॉटरमन' लिहिलंय. मी भांडायला निघाले होते. अक्का म्हणाली, "असू दे, गावानं ठेवलेलं नाव हाय."

अण्णाच्या नावावर तिने केलेल्या त्या सगळ्या वर्षांचं काय, यावर पंचायत अजून गप्प आहे. त्याचं पत्रक लिहून झालंय. या वेळी तिखट वाक्य खोडू देणार नाही.

पेटा खालच्या घरात चावीशेजारी खिळ्याला टांगलाय. परवा भाडं द्यायला गेले तर अण्णा लसूण सोलता सोलता त्याच्याकडे बघत होता.

"एकदा घालून बघू काय गं?" त्याने अक्काला विचारलं.

अक्का चावी खांद्यावर घेऊन दारात होती. "घाला की," ती म्हणाली. "पर आधी त्येवढा लसूण संपवा." आणि पाणी सोडायला गेली.